जुन्या कॉम्प्युटरवर लोकल वेब सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा-पंधरा वर्षांचा कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी त्यावर एकदा लोकल सर्व्हर, म्हणजे फक्त आपल्याच घरच्या नेटवर्कवर पानं दाखवणारा सर्व्हर, चालवून बघा, असं मी भेटेल त्याला सांगते. वेबसाइट बनवायला शिकायचं असो किंवा स्वतःच्या नोंदींसाठी छोटं सॉफ्टवेअर चालवायचं असो, तेवढा जीव अशा मशिनमध्ये नक्की असतो. अडतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी. एक तर मशिन एका काळातलं आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या काळातलं असतं, नाहीतर एररमध्ये काय लिहिलंय ते कुणी वाचलेलंच नसतं. खालची उत्तरं मुख्यतः विंडोज आणि झॅम्प धरून दिली आहेत. झॅम्प म्हणजे अपाची (पानं पाठवणारा वेब सर्व्हर), पीएचपी (पानं तयार करणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) एकत्र देणारं पॅकेज. वॅम्प हे तसंच दुसरं पॅकेज वापरणाऱ्यांना फोल्डरची नावं तेवढी वेगळी दिसतील.

काहीही बिघडलं की सगळ्यात आधी काय बघायचं?

लॉग, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच्या नोंदी लिहितो ती फाइल. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलवर अपाची आणि मायएसक्यूएल या दोघांसमोरही ‘लॉग्ज’ असं बटण असतं. त्यातून एरर लॉग उघडा, थेट तळाशी जा आणि शेवटच्या पाच-सात ओळी सावकाश वाचा. कंट्रोल पॅनलवर लाल अक्षरात जो मजकूर येतो (पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकतो तो, अडलेला असेल, एखादी फाइल नसेल, परवानगी नसेल) तो दर वेळी सारखाच असतो. ते नुसते अंदाज आहेत. खरं कारण लॉगमध्ये असतं.

लॉगमध्ये नवी ओळच आली नसेल तर तीही एक माहितीच आहे: अपाची लॉग लिहिण्यापर्यंतसुद्धा पोचलेला नाही. अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट उघडा, अपाचीच्या ‘बिन’ फोल्डरात जा आणि तिथून एचटीटीपीडी हा प्रोग्रॅम हाताने चालवा. जी तक्रार कंट्रोल पॅनल गिळून टाकतो, ती इथे समोर छापून येते.

आणि कृपा करून ‘सगळं काढून परत टाकते’ हा पहिला उपाय करू नका. दोष कॉन्फिगरेशनमध्ये किंवा पोर्टमध्ये असेल तर नव्या इन्स्टॉलेशनलाही तोच दोष भेटतो आणि वर एचटीडॉक्स (साइटच्या फाइलींचं फोल्डर) आणि डेटा फोल्डर (डेटाबेसचं) हातचे जाण्याचा धोका राहतो.

माझ्या मशिनवर चालेल की नाही, हे कसं ठरवायचं?

आधी विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं ते बघा. झॅम्पच्या नव्या आवृत्त्या फक्त ६४ बिटच्या येतात. ३२ बिट विंडोजवर त्या उघडतच नाहीत, ‘हा वैध विन३२ प्रोग्रॅम नाही’ एवढंच सांगतात. रॅम १ जीबी असेल तरी अपाची, पीएचपी आणि लहानसा डेटाबेस चालतो. अपाची मुळात हलका आहे. अशा मशिनला खरा भार होतो तो ब्राउझर आणि अँटिव्हायरसचा. म्हणून शक्य असेल तर सर्व्हर जुन्या मशिनवर ठेवा आणि पानं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून बघा. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही सेटिंगने पडत नाही.

कोणती आवृत्ती टाकू?

मशिनच्या काळाला जुळणारी. विंडोज एक्सपीवर चालणारी शेवटची पीएचपी मालिका ५.४ होती, ५.५ पासून एक्सपीचा आधार काढला गेला. झॅम्पच्या भाषेत सांगायचं तर १.८.२ चालेल, १.८.३ चालणार नाही. विंडोज ७ असेल तर पीएचपी ७.४ पर्यंत काळजी नाही, फक्त सर्व्हिस पॅक १ टाकलेला असावा.

इथे सगळ्यात जास्त रडवतात त्या डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोडफाइली. विंडोजवरची पीएचपी मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रनटाइमवर (अशा फाइलींच्या संचावर) उभी असते आणि मालिकेनुसार हा रनटाइम बदलतो. ५.३ आणि ५.४ ला २००८ चा, ५.५ आणि ५.६ ला २०१२ चा, ७.० पासून पुढे २०१५ किंवा त्यानंतरचा. एररमध्ये ‘एमएसव्हीसीआर११०’ दिसलं तर २०१२ चा रनटाइम नाही, ‘व्हीसीरनटाइम१४०’ दिसलं तर २०१५ नंतरचा नाही, असं समजायचं. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होणारं लांबलचक नाव आलं तर विंडोज ७ मध्ये युनिव्हर्सल सीआरटीचा अपडेट राहिला आहे. पीएचपी ३२ बिटची असेल तर ६४ बिट विंडोजवरही रनटाइम ३२ बिटचाच लागतो, ही गोष्ट हमखास निसटते. आणि सुटी डीएलएल कुठल्याही साइटवरून उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाकू नका. रनटाइमचं पूर्ण पॅकेज मायक्रोसॉफ्टकडूनच घ्या.

अपाची सुरूच होत नाही. लॉगमध्ये १००४८ असा आकडा आहे.

म्हणजे पोर्ट ८० दुसऱ्या कुणीतरी आधीच धरून ठेवला आहे. कोण ते शोधायचं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि नेटस्टॅट ही कमांड ए, एन, ओ या तीन अक्षरांचा पर्याय जोडून चालवा. मोठी यादी येते. यात एक चूक फार जण करतात: यादीत कुठेही ‘:८०’ दिसलं की ते त्या प्रोग्रॅमवर तुटून पडतात आणि बंद करतात बिचारा ब्राउझर. ब्राउझर बाहेरच्या सर्व्हरच्या ८० पोर्टला जोडलेला असतो, तो आकडा तिसऱ्या रकान्यात असतो. आपल्याला हवी ती ओळ वेगळी. तिच्या दुसऱ्या रकान्यात, म्हणजे लोकल ॲड्रेसखाली, शेवटी ८० असतं आणि पुढे ‘लिसनिंग’ लिहिलेलं असतं. त्या ओळीच्या शेवटचा आकडा म्हणजे पीआयडी, त्या प्रोग्रॅमचा क्रमांक. टास्क मॅनेजरमध्ये पीआयडीचा रकाना चालू करून तो आकडा शोधा.

जुन्या मशिनवर साधारण हीच मंडळी सापडतात: स्काइपची जुनी आवृत्ती (ती ८० आणि ४४३ दोन्ही पोर्ट धरायची, तो पर्याय तिच्या कनेक्शन सेटिंगमध्ये बंद करता येतो), मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा वेब सर्व्हर, किंवा एसक्यूएल सर्व्हरची रिपोर्टिंग सर्व्हिस. पीआयडी ४ आला आणि नाव ‘सिस्टिम’ दिसलं तर गोंधळू नका. विंडोजचा एचटीटीपी ड्रायव्हर कुणाच्या तरी वतीने पोर्ट धरून बसला आहे. सर्व्हिसेसच्या यादीत ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ चालू आहे का बघा आणि असेल तर थांबवून तिचा स्टार्टअप प्रकार ‘मॅन्युअल’ करा.

हे सगळं नको असेल तर आपणच बाजूला व्हायचं. एचटीटीपीडी डॉट कॉन्फ फाइलमध्ये ‘लिसन ८०’ ऐवजी ‘लिसन ८०८०’ करा, खाली सर्व्हरनेममध्येही ८०८० लिहा आणि पत्ता टाकताना लोकलहोस्टपुढे कोलन (:) देऊन ८०८० जोडा. भांडण ४४३ पोर्टवर असेल तर तो आकडा वेगळ्या फाइलमध्ये, एसएसएलच्या कॉन्फमध्ये असतो.

पोर्ट मोकळा आहे, तरी अपाची लगेच बंद पडतो.

‘बिन’ फोल्डरातून एचटीटीपीडीला ‘-टी’ (रोमन, लहान लिपीतला) हा पर्याय देऊन चालवा. तो कॉन्फिगरेशन वाचून चूक नेमकी कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत आहे ते सांगतो. बहुतेक वेळा दोष आपण शेवटचा बदल केला तिथेच असतो. एखादं अवतरणचिन्ह उघडून बंद केलेलं नसतं, व्हर्च्युअल होस्टमध्ये (एकेका साइटच्या वेगळ्या सेटिंगमध्ये) दिलेलं फोल्डर आता अस्तित्वात नसतं, किंवा साइट पेनड्राइव्हवर असते आणि आज त्या ड्राइव्हला वेगळं अक्षर मिळालेलं असतं.

जुनं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं आणलं असेल तर अपाची २.२ आणि २.४ मधला फरक आड येतो. २.२ मध्ये परवानगीसाठी ‘ऑर्डर’ आणि ‘अलाउ फ्रॉम’ लिहायचे, २.४ मध्ये त्याजागी ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ किंवा ‘रिक्वायर लोकल’ लिहितात. सर्व्हर सुरू होऊन प्रत्येक पानाला ४०३ (परवानगी नाही) येत असेल तरी आधी इथेच बघा.

मायएसक्यूएल सुरू होऊन दोन सेकंदांत बंद होतं. काय करू?

हात लावण्याआधी मायएसक्यूएलचं अख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा. ही पायरी गाळू नका, अगदी डेटा महत्त्वाचा नसला तरी.

कारण असं: ‘आयबीडेटा१ फाइल डिलीट करा, लगेच सुरू होईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. आणि खरंच सुरू होतं! टेबलांची नावंही दिसतात. पण टेबल उघडायला गेलं की ‘इंजिनमध्ये हे टेबल नाही’ असं उत्तर येतं. झॅम्पमध्ये मायएसक्यूएल म्हणून जो मारियाडीबी असतो, त्यात इनोडीबीची, म्हणजे टेबलं साठवणाऱ्या इंजिनची, आतली सूची त्याच फाइलमध्ये असते. फाइल गेली की कोणती टेबलं आहेत याची इंजिनची आठवणच पुसली जाते. मी एकदा हे केलं आहे. चार महिन्यांच्या नोंदी होत्या, कॉपी नव्हती. रिकामी टेबलं बघत बसण्याखेरीज काही हातात राहिलं नाही, आणि त्या संध्याकाळची आठवण आली की अजून वाईट वाटतं. म्हणून इतकं ठासून सांगतेय.

कॉपी झाली की क्रमाने बघा. डिस्क भरली आहे का? जुन्या मशिनवर हे फार वेळा निघतं. पोर्ट ३३०६ दुसऱ्या कुठल्या मायएसक्यूएलने धरला आहे का? वीज गेल्यामुळे मशिन मध्येच बंद पडलं होतं का? तसं असेल आणि लॉगमध्ये इनोडीबीच्या तक्रारी असतील तर माय डॉट आयएनआय फाइलमध्ये ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ (शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन) ही सेटिंग १ वर ठेवून सुरू करून बघा. सुरू झालं तर त्याच क्षणी मायएसक्यूएलडंप या प्रोग्रॅमने सगळा डेटा बाहेर काढा, मग नव्या डेटा फोल्डरात भरा. १ ने जमलं नाही तर २, मग ३. चार आणि त्यापुढचे आकडे डेटाची कायमची हानी करू शकतात, ते फक्त कॉपीवरच वापरा. काम झालं की ती ओळ काढून टाकायची.

पानं उघडतात, पण फार वेळ लागतो.

वेळ कुठे जातो ते आधी वेगळं काढा. तीन छोट्या फाइली करा: एक साधी एचटीएमएल, एक नुसता आकडा छापणारी पीएचपी, आणि एक डेटाबेसला जोडून काहीही न करणारी पीएचपी. तिन्ही एकामागून एक उघडा.

पहिलीच रेंगाळत असेल तर दोष नेटवर्कच्या थरात किंवा अँटिव्हायरसमध्ये आहे. लॉगमध्ये ‘ॲक्सेप्टईएक्स’ अयशस्वी झाल्याची ओळ असेल तर अपाची २.४ च्या कॉन्फमध्ये ‘ॲक्सेप्टफिल्टर एचटीटीपी नन’ आणि तशीच एचटीटीपीएससाठी दुसरी ओळ टाका. जुन्या नेटवर्क ड्रायव्हरशी अपाचीचं जे पटत नाही ते बरंचसं याने मिटतं. ‘एनेबलसेंडफाइल ऑफ’ हीही ओळ जोडीला ठेवावी.

दुसरी रेंगाळत असेल तर एक्सडीबग (कोडमधल्या चुका शोधायला मदत करणारं एक्स्टेंशन) चालू राहिला आहे का बघा. पीएचपी ५.५ किंवा त्यापुढची असेल तर ओपकॅश सोबतच येतो, तो चालू करा. मग प्रत्येक वेळी तीच फाइल पहिल्यापासून वाचून समजून घ्यायची मेहनत वाचते.

तिसरी फाइल बरोबर एक सेकंद थांबून उघडत असेल तर कोडमध्ये डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ ऐवजी १२७.०.०.१ करा. लोकलहोस्ट या नावाचा अर्थ विंडोज आधी आयपीव्ही६ मध्ये लावतं, तिथे मायएसक्यूएल ऐकत नसतं, आणि परत आयपीव्ही४ कडे वळेपर्यंत तो सेकंद जातो. एवढा छोटा बदल, पण ज्या पानात चार वेळा जोडणी होते तिथे चार सेकंद वाचतात.

रॅम पुरत नाही. काय कमी करता येईल?

झॅम्पबरोबर येणारे फाइलझिला, मर्क्युरी आणि टॉमकॅट वापरात नसतील तर बंदच राहू द्या. माय डॉट आयएनआयमध्ये परफॉर्मन्स स्कीमा बंद करा. इनोडीबीचा बफर पूल (डेटासाठी राखलेली रॅम) लहान डेटाबेसला १६ ते ३२ एमबी पुरतो. झॅम्पमधला अपाची १५० थ्रेडची तयारी ठेवतो, एकट्या माणसाच्या कामाला ‘थ्रेड्सपरचाइल्ड’ २० सुद्धा भरपूर झाले. पीएचपीचा मेमरी लिमिट मात्र उगाच वाढवू नका. रॅम नसताना तो आकडा वाढवला की सगळं हार्डडिस्कवरच्या स्वॅपवर जातं आणि मशिन गुदमरतं.

पीएचपी चालण्याऐवजी कोडच दिसतो.

फाइलवर डबल क्लिक करून उघडली आहे. पत्त्यात ‘फाइल’ने सुरुवात दिसत असेल तर सर्व्हरला यातलं काहीच माहीत नाही. फाइल एचटीडॉक्समध्ये ठेवा आणि लोकलहोस्टच्या पत्त्याने उघडा. नोटपॅडने नावाला गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ जोडलेलं नाही ना, तेही बघा.

नुसतं पांढरं कोरं पान येतं.

पीएचपीला जीवघेणी चूक सापडली आहे आणि ती दाखवण्याची मनाई आहे. पीएचपी डॉट आयएनआयमध्ये ‘डिस्प्ले एरर्स’ चालू करून अपाची रीस्टार्ट करा. रीस्टार्ट न करता सेटिंग लागू होत नाही, यात बऱ्याच जणांचा अर्धा दिवस जातो. जुन्या कोडमध्ये ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ असेल आणि पीएचपी ७ असेल तर कारण तेच: ती जुनी फंक्शनं ७.० मध्ये काढून टाकली. ‘मायएसक्यूएलआय’ किंवा ‘पीडीओ’ वापरावं लागेल.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

नीट बघा, प्रश्नचिन्हं आहेत की डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ आणि चित्रविचित्र खुणा? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विचित्र खुणा असतील तर बाइट्स बहुतेक शाबूत आहेत, फक्त वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचतोय. जोडणी यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरं साठवायची पद्धत) केली की मजकूर बऱ्याचदा परत मिळतो. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षरं गेली, ती आता कुठल्याच सेटिंगने येणार नाहीत. जिथे मूळ मजकूर असेल तिथून परत भरावा लागेल.

पुढे असं होऊ नये म्हणून डेटाबेस, टेबल, पीएचपीची जोडणी आणि पानाचा हेडर, या चारही ठिकाणी यूटीएफ-८ हवं. डेटाबेसच्या बाजूला ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा. जुन्या मायएसक्यूएलवर यातून एक नवी एरर येते, की लांबी ७६७ बाइट्सच्या वर गेली. एमबी४ मध्ये प्रत्येक अक्षरासाठी चार बाइट्स धरतात, त्यामुळे २५५ अक्षरांचा इंडेक्स १०२० बाइट्सचा होतो. रकाना १९१ अक्षरांचा करा, बसेल.

जुन्या विंडोजच्या नोटपॅडमधून यूटीएफ-८ सेव्ह करताना सुरुवातीला तीन अदृश्य बाइट्स, बीओएम, बसतात आणि मग ‘हेडर्स आधीच पाठवले’ अशी तक्रार येते. नोटपॅड++ मध्ये बीओएमशिवाय सेव्ह करता येतं.

लॉगिन होतं आणि लगेच बाहेर फेकलं जातं. कोड तर बरोबर आहे.

स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी तीन तास सेशनचा कोड उलटापालटा करत होते, आणि घड्याळात कित्येक वर्षांपूर्वीचा १ जानेवारी होता. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, दमला की मशिन बंद केल्यावर घड्याळ मूळपदावर जातं. मी पानं बघत होते दुसऱ्या लॅपटॉपवरून. सर्व्हर सांगायचा की कुकी अमुक वेळेपर्यंत चालेल, आणि लॅपटॉपच्या लेखी ती वेळ कधीच उलटून गेलेली असायची, म्हणून तो कुकी ठेवतच नव्हता. याच घड्याळामुळे बाहेरच्या एचटीटीपीएस साइटची प्रमाणपत्रं ‘अजून वैध नाहीत’ ठरतात आणि लॉगमधल्या नोंदींचा क्रम विस्कटतो. मशिन बंद करून, प्लग काढून सेल बदला. बसवताना अधिकची बाजू वर.

पीएचपीमधून बाहेरच्या एचटीटीपीएस पत्त्याला जोडणी होत नाही.

तारीख बरोबर असेल तर प्रमाणपत्रांची यादी जुनी आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एनक्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि ओपनएसएसएलची (सुरक्षित जोडणी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) १.०.२ किंवा त्याआधीची आवृत्ती असलेल्या कितीतरी मशिनवर असंख्य साइट एका दिवसात उघडेनाशा झाल्या. कर्लच्या साइटवरून प्रमाणपत्रांची ताजी फाइल घ्या आणि पीएचपी डॉट आयएनआयमध्ये तिचा पत्ता द्या. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करण्याचा उपाय करू नका, त्याने समोर खरा सर्व्हर आहे की कुणी मधला, हे कळायचा मार्गच राहत नाही.

फोनवरून माझी साइट उघडत नाही.

फोनमध्ये ‘लोकलहोस्ट’ टाकलं तर फोन स्वतःमध्येच शोधतो. कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग चालवा, १९२.१६८ ने सुरू होणारा आयपीव्ही४ पत्ता मिळेल, तो टाका. तरी नाही झालं तर विंडोज फायरवॉलमध्ये अपाचीला खासगी नेटवर्कवर परवानगी द्या. फोन गेस्ट वायफायवर असेल तर राउटर मुद्दामच दोघांना भेटू देत नाही. पत्ता रोज बदलत असेल तर राउटरमध्ये तो मशिनच्या नावे राखून ठेवता येतो.

मग हाच सर्व्हर इंटरनेटवर खुला करू का?

नको. विंडोज एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला, आणि पीएचपी ७.४ चा आधार २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला. झॅम्पही मुळात शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी बनवलेला आहे, त्यात डेटाबेसच्या रूट खात्याला पासवर्डच नसतो. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग लावू नका.

विंडोज काढून लिनक्स टाकलं तर?

फक्त सर्व्हर म्हणूनच वापरायचं असेल तर मी हेच सुचवेन. ग्राफिक डेस्कटॉप न टाकता डेबियन बसवलं तर ५१२ एमबी रॅममध्येही सर्व्हर मोकळा श्वास घेतो. ३२ बिट मशिन असेल तर डेबियन १२ घ्या. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. साइट तिकडे नेल्यावर काही चित्रं गायब झाली तर फाइलींच्या नावातली रोमन अक्षरं तपासा. लहान आणि मोठ्या लिपीतला फरक विंडोज सोडून देतं, लिनक्स सोडत नाही.

शिकण्यापुरतंच काम असेल तर अपाचीही लागत नाही. पीएचपी ५.४ पासून स्वतःचा छोटा सर्व्हर घेऊनच येते, आणि मायएसक्यूएलच्या जागी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरला तर एकच फाइल सांभाळायची.

हार्डडिस्कमधून टकटक आवाज येतोय.

सर्व्हर थांबवा आणि आत्ता, दुसरं काहीही करण्याआधी, एचटीडॉक्स आणि डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) त्यानंतर. दुखऱ्या डिस्कवर आधी चेकडिस्क चालवला तर त्या धावपळीतच ती जाऊ शकते. कॉपी झाली की ती दुसऱ्या मशिनवर लावून साइट उघडते का आणि नोंदी दिसतात का ते बघा, मगच जुनी डिस्क बाजूला काढा.